उभ्या गाडीची समीक्षा

टेस्ट ड्राइव्हला आलेली गाडी माझ्या बाबांनी अर्धा तास उभी ठेवली. रामदासपेठेतल्या एका गल्लीत, कडुनिंबाच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत, एप्रिलच्या दुपारी सव्वादोन वाजता. गाडी चालू, एसी चालू, चाकं बंद. शोरूममधून गाडी घेऊन आलेल्या मुलाने दोनदा घड्याळ पाहिलं आणि शेवटी तो म्हणाला, "काका, टेस्ट ड्राइव्हमध्ये गाडी चालवून बघायची असते."

बाबा म्हणाले, "चालवून पाहिली ना. आता उभी करून पाहतो."

गाडी होती टोयोटा कॅमरी हायब्रिड. डिसेंबर २०२४ मध्ये तिची नववी पिढी भारतात आली, तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती ४८ लाख रुपये. गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, ती आम्ही घेणार नव्हतो. आमच्याकडे एक ॲक्टिव्हा आहे आणि तिचा शेवटचा हप्ता गेल्या दिवाळीत फिटला. बाबांनी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडे २६ वर्षं ड्रायव्हरकी केली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी काम सोडलं. आता तिथे चोवीस वर्षांचा एक मुलगा आहे. पण डॉक्टर साहेबांना नवी गाडी घ्यायची होती, आणि त्यांनी बाबांना फोन केला: "तू एकदा येऊन बघ. तुला न दाखवता मी कधी गाडी घेतलेली नाही." मी पुण्याहून सुट्टीवर आले होते. बाबांनी मला सोबत घेतलं. कारण सांगितलं, "स्क्रीनवरचं इंग्रजी वाचाले."

खरं कारण वेगळं होतं. गाड्यांचे रिव्ह्यू ही आमची दोघांची मालिका आहे. मी दहावीत असताना घरात पहिला स्मार्टफोन आला, तेव्हापासून जेवणं झाली की बाबा आणि मी एका फोनवर डोकी जोडून नव्या गाडीचा व्हिडिओ बघतो. पुण्याला गेल्यावर मी लिंक पाठवते, ते बघतात आणि रात्री फोनवर चर्चा होते. आयुष्यात स्वतःची चारचाकी न घेतलेल्या माणसाने शेकडो गाड्यांची समीक्षा ऐकली आहे. त्यामुळे ४८ लाखांच्या गाडीशी त्यांची प्रत्यक्ष गाठ पडणार म्हटल्यावर मी घरी बसणं शक्य नव्हतं.

या लेखात मला दोन गोष्टींची समीक्षा करायची आहे. एक, त्या गाडीची. दुसरी, गाड्यांची समीक्षा करण्याच्या आपल्या पद्धतीची. दुसरी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, पण पहिलीशिवाय ती कळणार नाही.

हायब्रिड म्हणजे काय ते आधी पाहू. या गाडीत अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आहे आणि विजेच्या मोटरीही आहेत. त्यांची सांगड ग्रहमालेसारख्या गिअरच्या जुळणीने घातलेली असते: मध्ये एक गिअर, त्याच्याभोवती फिरणारे छोटे गिअर आणि सगळ्यांना वेढणारं एक कडं. कुणी किती जोर लावायचा ते गाडीतला संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. सिग्नलवरून निघताना बहुधा एकटी मोटर. वेग वाढला की इंजिन सामील होतं. ब्रेक दाबला की मोटर जनरेटरचं काम करते आणि एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारी ताकद बॅटरीत परत भरते. म्हणूनच ही गाडी हायवेपेक्षा गर्दीच्या शहरात जास्त फायद्याची. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस आणली, तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे.

या गाडीला प्लग नसतो. म्हणजे तिच्यात वापरली जाणारी सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. तरीही मोटरवर चालताना पडद्यावर हिरवी 'ईव्ही' अक्षरं उमटतात. मला त्या दोन अक्षरांची गंमत वाटली. ती खोटी नाहीत, त्या क्षणी चाकं खरोखर विजेवर फिरत असतात. पण पूर्ण खरीही नाहीत. एखाद्याने बापाच्या पैशाने पार्टी द्यावी आणि बिल मात्र स्वतःच्या नावाने फाडावं, तसं काहीसं ते आहे.

अर्थात नागपूरकराला 'वीज म्हणजे स्वच्छ' हेही सहज पटत नाही. आमच्या शहराच्या डोक्यावर कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या आहेत. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत शिरलं, ते इथल्या लोकांच्या लक्षात आहे. प्लगवाली गाडी तिची राख कोराडीत टाकते. हायब्रिड आपला धूर स्वतःच्या शेपटीतून सोडते. कोण जास्त प्रामाणिक, यावर वाद घालता येईल. सरकारने मात्र निकाल देऊन टाकला आहे. प्लगवाल्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. कॅमरीसारख्या मोठ्या हायब्रिडवर सेस धरून ४३ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला.

आता टेस्ट ड्राइव्ह. शोरूमच्या मुलाने ठरलेला रस्ता सांगितला: गल्लीतून वर्धा रोड, अजनीकडून डबलडेकर पुलावर, विमानतळाच्या बाजूला उतरायचं, वळसा घेऊन परत. हा पूल आमच्या शहराचा अभिमान आहे. खाली रस्ता, त्याच्या वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, लांबी ३.१४ किलोमीटर, आणि गिनेस बुकात नोंद. पुलावर सिग्नल नाही, खड्डा नाही, आडवी येणारी गाय नाही. तिथे कुठलीही गाडी राजकन्येसारखीच चालते.

जाताना शोरूमच्या मुलाने चालवली. डॉक्टर साहेब मागे, बाबा त्याच्या शेजारी, मी डॉक्टर साहेबांच्या बाजूला अंग चोरून. गाडी खरंच सुरेख आहे. मोटरवरून इंजिनवर जाताना काहीच कळत नाही. मी कान देऊन बसले होते, तरी दोनदा फसले. बाबांना मात्र दरवेळी कळत होतं. ते नुसतं एक बोट वर करायचे. मी पडद्याकडे बघायचे, तर हिरवी अक्षरं गेलेली असायची. तिसऱ्यांदा शोरूमच्या मुलानेच विचारलं, "काका, कसं ओळखता?" बाबा म्हणाले, "तळव्याला कळते."

परत आल्यावर डॉक्टर साहेबांना हॉस्पिटलातून फोन आला. "तू चालवून बघ, मी येतोच," असं बाबांना सांगून ते आत गेले. बाबांनी मग त्यांच्या रस्त्याने गाडी नेली. लोकमत चौक, पंचशील चौक, झाशी राणी चौक, बर्डीची गर्दी, तिथून परत. पुढे ऑटो, मागे हॉर्न, मध्येच ब्रेक. हायब्रिडची खरी परीक्षा हीच, कारण ब्रेकमधून वीज परत मिळवायचं तिचं कसब पुलावर दिसतच नाही. गुडघ्यांनी काम सोडायला लावलेला माणूस त्या गर्दीत एकदाही कण्हला नाही. क्लच नसलेली गाडी काय असते, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

आणि मग त्यांनी गल्लीत येऊन गाडी उभी केली, गिअर पार्कला टाकला, एसी २४ वर ठेवला आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. फाटकापाशी तो नवा ड्रायव्हर मुलगा मघापासून उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मीही बोलावलं नव्हतं, हे इथे लिहिलं पाहिजे. बाबांनी काच खाली करून त्याला हाक मारली आणि मागच्या सीटवर बसवलं. साहेबांच्या जागेवर.

इथे थांबून आपण त्या रोजच्या व्हिडिओंकडे वळू.

एक ठरीव साचा असतो. समोरचा चेहरा, दिवे, डिकीत किती बॅगा मावतात. मग आत: प्लास्टिक हाताला कसं लागतं, पडदा किती इंचांचा, मागे पाय किती पसरतात. मग पिकअप. मग मायलेज. शेवटी 'घ्यावी की नाही'. मराठी रिव्ह्यूंनी हाच साचा उचलला, फक्त 'बटर स्मूथ'च्या जागी 'एकदम मक्खन' आलं. या साच्यात गाडीला दोन वाचक असतात. एक स्वतः चालवणारा मालक, दुसरा मागे बसणारा मालक. अशा सेडानबद्दल बोलताना रिव्ह्यूवाले हमखास सांगतात की ही 'शोफर ड्रिव्हन' लोकांसाठी आहे, आणि पुढची दहा मिनिटं मागच्या सीटचं वर्णन करतात. सीटची पाठ किती मागे जाते, मधल्या हातटेकीवरच्या कळांनी एसी, गाणी आणि काचेवरचा पडदा कसा हलतो. वाक्यात शोफर आहे. व्हिडिओत तो कुठेच नाही.

ज्या माणसाचं नाव घेऊन गाडी विकली जाते, त्याला ती कशी वाटली हे कुणी विचारत नाही. दिवसाचे दहा तास तो त्या गाडीसोबत असतो. तोच ती पुसतो, तिच्यात डबा खातो, तिच्यात डुलकी काढतो. आणि तो तिचा वाचकच नाही!

ही चूक जुनी आहे. महाभारतात रथ हाकणारा सूत, आणि कथा सांगणाराही सूतच. आंधळ्या राजाला युद्ध सांगणारा संजय सूत आहे. नैमिषारण्यात ऋषींना सगळी कथा ऐकवणारा उग्रश्रवाही सूत. रथ हाकणारा आणि जे घडलं ते नीट सांगू शकणारा माणूस एकच, हे त्या काळच्या भाषेला ठाऊक होतं. आणि त्याच ग्रंथात कर्णाला हिणवायचं तर शब्द कोणता? सूतपुत्र. ज्याच्या तोंडून सगळं ऐकायचं, त्याच्याच जातकुळीची शिवी करायची.

यंत्रांबद्दल मराठीत गांभीर्याने लिहायची परंपरा नाही, असंही नाही. टोयोटाच्या भारतातल्या कंपनीच्या नावात किर्लोस्कर आहे, ते किर्लोस्करवाडीचेच घराणे. लोखंडी नांगर करणाऱ्या त्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. सुरुवात मालाची माहिती देण्यापासून झाली, आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्यातूनच 'किर्लोस्कर' हे कथा, विचार आणि समाजसुधारणेचं मासिक उभं राहिलं. यंत्राबद्दल बोलता बोलता ते वापरणाऱ्या माणसांबद्दल बोलता येतं, हे त्या मासिकाने शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. आपल्या रिव्ह्यूंनी ते अजून घेतलेलं नाही.

बाबांच्या २६ वर्षांचा हिशेब मला माहीत आहे, कारण तो लिहिलेला आहे. त्यांच्याकडे खिशात मावणाऱ्या डायऱ्या आहेत, दरवर्षीची एक. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर, हवा कधी भरली, ऑइल कधी बदललं. एकदा मी बसून सरासरी काढली. बाहेरगावच्या फेऱ्या सोडल्या तर दिवसाला ३१ किलोमीटर. ड्युटी दहा तास. शहरात ३१ किलोमीटरला फार तर दोन तास लागतात. उरलेले आठ तास गाडी उभी, आणि माणूसही.

कुठे उभा? हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर. लग्नाच्या लॉनबाहेर. क्लबच्या पार्किंगमध्ये. नागपूरच्या उन्हात. २३ मे २०१३ ला या शहराचं तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं. ३० मे २०२४ ला तर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की यंत्रात बिघाड होता. मी बाबांना हसत हसत ती बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, "बंद गाडीत बसून पाह्य म्हना त्याईले, मंग समजते कोणाचं यंत्र बिघडलं."

साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद, तर एसी बंद. म्हणून उभ्या गाडीत एसी लावायचा म्हणजे इंजिन सतत चालू ठेवायचं. बाबांच्या हिशेबाने त्यात तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जातं. आठ तासांचे आठ लिटर कुठला मालक देईल? डॉक्टर साहेबांनी कधी मनाई केली नव्हती. तशी वेळच आली नाही. बाबा उतरून झाडाखाली जायचे. झाड नसेल तर भिंतीची सावली. दुपारी सावली सरकायची तसे तेही सरकायचे. पाणी बेताने प्यायचे, कारण जास्त प्यायलं तर जायचं कुठे? एकदा मुतखडा झाला, तेव्हा डॉक्टर साहेबांनीच त्यांच्या मित्राकडे नेऊन सगळे उपचार फुकट करून दिले. ते भले माणूस आहेत. हे मी उपरोधाने लिहीत नाही.

कायद्याचंही तसंच आहे. मोटार वाहतुकीच्या कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा केंद्रीय कायदा होता. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक उद्योगांसाठी होता. एका घरी एक गाडी चालवणारा माणूस त्यात बसत नव्हता. वाट पाहणं हे काम आहे की नाही, हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता.

आणि मायलेज? या कॅमरीचा जाहीर आकडा आहे लिटरला २५.४९ किलोमीटर. असे आकडे प्रयोगशाळेत निघतात. गाडी रोलरवर ठेवून ठरावीक आलेखाप्रमाणे वेग वाढवला, कमी केला जातो, आणि एसी बंद असतो. त्या आलेखात गाडी मधून मधून थांबते, पण काही सेकंदांसाठी, सिग्नलवर थांबावी तशी. लॉनबाहेर चार तास थांबावी तशी नाही. शेवटी आकडा किलोमीटरमध्ये येतो. उभं राहण्याचं मायलेज कशात मोजायचं, याला आपल्याकडे एककच नाही.

बाबा ते एकक त्या दुपारी गल्लीत तयार करत होते.

हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नसतो, तो मोठ्या बॅटरीच्या विजेवर फिरतो. इंजिन बंद असताना एसी चालूच राहतो. बॅटरी उतरली की गाडी आपणहून इंजिन सुरू करते, थोडी वीज भरून घेते आणि पुन्हा गप्प होते. हे बाबांनी कुठल्याशा व्हिडिओत एका वाक्यात ऐकलं होतं, आणि ते एकच वाक्य तपासायला ते आले होते. बाकी गाडी चांगली असणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

अर्ध्या तासात इंजिन तीन वेळा सुरू झालं. मिळून साधारण दहा मिनिटं चाललं. बाहेर ४२ अंश, आत गारवा. मागचा मुलगा आधी सीटच्या कडेवर टेकला होता. पाचव्या मिनिटाला त्याने पाठ टेकली. पंधराव्या मिनिटाला त्याला हातटेकीवरच्या कळा सापडल्या आणि मागच्या काचेचा पडदा सूं करत वर आला. तो दचकला, आम्ही हसलो. विसाव्या मिनिटाला शोरूमच्या मुलाने टाय सैल केला आणि सांगितलं की त्याचे वडीलही ट्रकवर होते. मग त्याने घड्याळ बघणं सोडलं.

आता स्वतःच्याच उत्साहाला थोडा लगाम घालते, कारण समीक्षा म्हटल्यावर तेही करावं लागतं.

पहिलं, इंजिन तिसरा हिस्सा वेळ चाललं म्हणजे पेट्रोलही तिसरा हिस्साच जळलं, असं नाही. बॅटरी भरताना इंजिन जास्त जोर लावतं. बचत होते, पण किती ते अर्ध्या तासात सांगता येत नाही. दुसरं, हे गुण कॅमरीचे एकटीचे नाहीत. २०२२ मध्ये आलेल्या होंडा सिटी किंवा ग्रँड विटाराच्या हायब्रिड रूपांतही हे तत्त्व आहे, आणि त्या कितीतरी स्वस्त आहेत. प्लगवाली गाडी तर या परीक्षेत पहिली येईल, तिला इंजिनच नाही. तिसरं, आणि हे ड्रायव्हरांनी नीट वाचावं: बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये हायब्रिड चालू ठेवून झोपू नये. गाडी शांत आहे म्हणून ती बंद आहे असं वाटतं, पण तिचं इंजिन कधीही आपोआप सुरू होतं, आणि कोंडलेल्या जागेत त्याचा धूर जीव घेऊ शकतो. ज्या शांततेचं सगळे कौतुक करतात, तिची ही दुसरी बाजू कौतुक करणारे सांगत नाहीत.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड. सावलीतला एक बाक, पाण्याचा माठ आणि एक संडास, एवढ्याने हा प्रश्न बराचसा सुटतो. त्याला ४८ लाख लागत नाहीत. ड्रायव्हरला गारवा मिळावा म्हणून आलिशान गाडीची स्तुती करणं म्हणजे तहान लागली म्हणून धरणाचं उद्घाटन करण्यासारखं आहे. मला हे कळतं. पण रामदासपेठेत माझ्या आठवणीत नव्या गाड्या सतत आल्या, तो बाक मात्र आला नाही. मग जी गोष्ट येणारच आहे, तिच्यात आपल्या माणसाचं काय आहे, हे विचारायचं की नाही? बाबांनी विचारलं.

डॉक्टर साहेब बाहेर आले. मुलगा झटकन उतरून बाजूला उभा राहिला. बाबाही उतरले. त्यांच्याशी बोलताना बाबा वऱ्हाडी बोलत नाहीत.

"काय, कशी आहे?"

"चांगली आहे साहेब. गर्दीत त्रास देत नाही. मागे तुमच्या कंबरेला बरी पडेल." मग जरा थांबून, "एक विचारू?"

"विचार ना."

"उन्हाळ्यात याला गाडीत एसी लावून बसू द्याल? हिच्यात इंजिन सारखं चालत नाही. आम्ही आत्ता पाहिलं."

डॉक्टर साहेब एकदा बाबांकडे, एकदा त्या मुलाकडे बघून म्हणाले, "त्यात विचारायचं काय? लावू दे की." आणि शोरूमच्या मुलाकडे वळून रंग कोणकोणते आहेत ते विचारू लागले.

एवढंच. दोन सेकंदही लागले नाहीत.

परतताना मी ॲक्टिव्हा चालवत होते, बाबा मागे. लोकमत चौकात सिग्नल लागला. बराच वेळ गप्प बसलेले बाबा माझ्या खांद्यामागून म्हणाले, "मी कधी इचारलंच नाही व."

मला यावर काही बोलता आलं नाही. तेव्हापासून मी विचार करते आहे. त्यांनी विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं. डॉक्टर साहेबांनी आपणहून सांगितलं नाही, कारण त्यांच्याही डोळ्यांसमोर तो प्रश्न कधी आला नव्हता. दोघांनी मिळून आणि वेगवेगळे शेकडो रिव्ह्यू पाहिले, वाचले असतील. एकातही हे वाक्य नव्हतं: गाडी उभी असताना आत बसलेल्या माणसाचं काय होतं? समीक्षेचं काम निकाल देणं हे आहेच. पण त्याआधीचं काम आहे, योग्य प्रश्न लोकांच्या तोंडी देणं. आमच्या मालिकेच्या सगळ्या भागांनी मिळून ते केलं नाही. मीही त्यातलीच. दहा वर्षं बाबांशेजारी बसून मी त्यांना पिकअपबद्दल विचारत आले.

यापुढे गाडीचा रिव्ह्यू करणाऱ्या प्रत्येकाने एकदा गाडी अर्धा तास उभी करावी, मे महिन्यात, आणि आत बसून राहावं. मग बोलावं.

डॉक्टर साहेबांनी गाडी बुक केली, पांढरी. मी पुण्याला परत निघाले, त्या रात्री बाबा डायरी लिहीत होते. काम सोडल्यापासून दोन वर्षं ती कोरी होती. त्यात किलोमीटरचा रकाना असतो. तो त्यांनी रिकामा ठेवला होता, आणि खाली लिहिलं होतं:

'उभी – ३० मि. इंजिन – ३ वेळा. आत थंड. पोराले झोप लागत होती.'